खड्डा भरला त्या आठवड्यात

नची रांगायला लागली
आणि आमचं घर
दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागलं.

वडगावातलं घर. पुढच्या खोलीत पॉवरलूम,
मधे आम्ही, मागे आड.
परशराम म्हणाला, तिच्या उंचीवरनं बघ की एकदा.
रविवारी माग बंद होता,
मी गुडघ्यांवर आले.
मोटारीच्या पट्ट्याचं तोंड बरोबर माझ्या तोंडासमोर.
बोटभर उघडी वायर.
कॉटखाली गेल्या दिवाळीतला
न उडालेला एक फटाका, अजून वाट बघत.

नळाला पाणी आठ दिवसांनी येतं.
येतं तेव्हा घागरी, पिंप, बादल्या,
दुधाचं पातेलंसुद्धा आम्ही भरून ठेवतो.
काठोकाठ भरलेलं घर बघून
इतकी वर्षं जीव निवायचा.

गणपत गल्लीतनं प्लगची टोपणं आणली.
पैशात पाच बसली, घरात प्लग नऊ.
उरलेल्या चारांवर साडीच्या बॉक्सची चिकटपट्टी,
‘शुद्ध रेशीम’ छापलेली.
साडीत रेशीम नसतंच, पण पट्टी घट्ट बसते.
आडाला जाळी बसवायला बसप्पा आला.
तो कानडीत बोलला, परशराम मराठीत,
माप दोघांचंही इंचात.

माझ्या आईनं हे सगळं निपाणीत
एका दोरीवर भागवलं होतं.
जुन्या लुगड्याचा काठ, एक टोक माझ्या घोट्याला,
दुसरं खांबाला, आणि समोर ती विड्या वळत.
दोरी एवढीच, की तंबाखूच्या सुपाच्या
वीतभर अलीकडे माझा हात संपावा.
एकदा गाठ सुटली.
मला काही आठवत नाही.
आईला आठवते तोंडातनं बोटानं काढलेली काळी लाळ
आणि दवाखान्यापर्यंत एकाच पायात चप्पल.
अजून फोन केला की
नची जेवली का, हे ती नंतर विचारते.

राहिला खड्डा.
सासऱ्यांच्या हातमागाचा. माग कधीच विकला,
खड्डा कोण घेणार?
वर फळी होती, फळीवर सुताची पोती.
माल गेला, पोती उठली,
आणि नचीनं फळी हलवली. एका हातानं.

त्यांना कुणी सांगायचं, यात दोन दिवस गेले.
तिसऱ्या दिवशी चहा पिताना तेच म्हणाले,
‘रेती कधी येणार हाय?’

रेती आली. आधी ते स्वतः उतरले,
कोपरे झाडले,
एक तुटकी पावडी वर दिली, एक आठ आण्यांचं नाणं,
मग नुसतेच उभे राहिले,
कमरेपर्यंत जमिनीत.
परशराम हात द्यायला वाकला.
‘थांब गा,’ म्हणाले. ‘मांडी घालून बसायची
मला सवयच न्हाई. पन्नास वर्षं पाय खालीच.’
मग हात घेतला.

सिमेंट सुकेपर्यंत नची शेजारी, गंगव्वाकडे.
भाकरीच्या तव्याजवळ तिचं बोट नेऊन
गंगव्वा म्हणायची, ‘बिसी! बिसी!’
मी हजारदा ‘हाय, भाजेल’ म्हटलेलं
तिच्या कानावरनं गेलं होतं.
हे बसलं.
आता तवा बिसी, पट्टा बिसी,
आडाची जाळी बिसी, बापाच्या दाढीचे खुंट बिसी.

काल संध्याकाळी ती पहिल्यांदा उभी चालली,
भिंत धरून, पुढच्या खोलीत.
जुन्या शहाबादीत तो एक करडा चौकोन,
तिथं थबकली.
एक पाय पुढं केला, मागं घेतला.
‘बिसी?’
सासरे कडेला भिंतीला टेकून, पाय लांब सोडून बसलेले.
त्यांनी तळवा सिमेंटवर टेकला,
बराच वेळ तसाच ठेवला.
‘न्हाई गं,’ म्हणाले,
‘थंड हाय. ये.’